मार्लकोटचा रशियन

उल्हास देवस्थळी हाडांचा सर्जन म्हणून लेस्टरच्या हॉस्पिटलातून रिटायर झाला आणि पहिल्याच महिन्यात त्याने घरातले मसाल्याचे डबे ए टू झेड लावून टाकले. जिरं 'सी'खाली गेलं, हळद 'टी'खाली गेली, आणि सुचेतावहिनींना मोहरी सापडेपर्यंत तेल जळून गेलं. त्या दिवशी वहिनींनी त्याला सांगितलं की माणसाला काहीतरी छंद असावा, आणि तो शक्यतो घराबाहेरचा असावा.

म्हणून उल्हास मार्लकोटच्या हिस्टरी सोसायटीत गेला. मार्लकोट म्हणजे लेस्टरपासून गाडीने अर्ध्या तासावरचं छोटं गाव. एक चर्च, एक बेकरी, एक पब आणि भरपूर पाऊस. देवस्थळी तिथे वीसेक वर्षं राहत होते. मी जयंत, उल्हासचा जुना मित्र. ऑपरेशन थिएटरात तो हाडं जोडायचा आणि मी पेशंटला भूल द्यायचो. रिटायर झाल्यावर मात्र तो बोलायला लागला की भूल मला चढायची.

सोसायटीत प्रत्येकाने गावाच्या इतिहासातला एकेक विषय वाटून घेतलेला होता. चर्च गेलेलं, कालवा गेलेला, मोज्यांचा कारखाना गेलेला. उरला होता तो रशियन.

या रशियनाबद्दल मार्लकोटमध्ये सगळ्यांनाच थोडंथोडं माहीत होतं. क्रिमियाच्या युद्धात पकडलेला हा घोडदळातला कॅप्टन, आर्काडी झाबेल्स्की. पळून जाणार नाही असा शब्द घेऊन इंग्रजांनी त्याला १८५५ साली या गावात मोकळा ठेवला होता. गाव सांगायचं ते असं: तिघा इंग्रज स्वारांशी एकटा लढताना त्याला तलवारीचा वार लागला, म्हणून तो हाती आला. इथे पाद्रीबाबांच्या मुलीने, हॅरिएटने, त्याची शुश्रूषा केली. दोघांचं प्रेम जमलं. मग तह झाला, तो गेला, आणि ती आयुष्यभर खिडकीत बसून राहिली. प्रत्यक्षात हॅरिएटने मोज्यांच्या व्यापाऱ्याशी लग्न केलं आणि तिला सात मुलं झाली. खिडकीत बसायला तिला वेळ कधी मिळाला, हे कोणी विचारत नसे.

उल्हासने विचारलं. त्याच्याकडे एक गोष्ट होती जी सोसायटीत कोणाकडेच नव्हती. पुण्यात मेडिकलला असताना तो रानडे इन्स्टिट्यूटमध्ये दोन वर्षं रशियन शिकला होता. का शिकला, याची तो वेगवेगळी कारणं द्यायचा. वहिनींच्या मते त्या वर्गाला पंखा होता, एवढंच कारण. चाळीस वर्षांनी ती रशियन धूळ झटकून बाहेर आली. मॉस्कोहून झाबेल्स्कीच्या रेजिमेंटच्या छापील इतिहासाचे तीन जाड खंड आले, डिक्शनरी आली, आणि दहा ते एक या वेळात वहिनींचं स्वयंपाकघर पुन्हा त्यांचं झालं.

हळूहळू झाबेल्स्की उल्हासच्या तोंडून आम्हाला कळत गेला. तांबोव्ह प्रांतातल्या एका जमीनदाराचा हा धाकटा मुलगा. घरी जमिनीपेक्षा कुत्री जास्त. सतराव्या वर्षी तो हुसारांत, म्हणजे हलक्या घोडदळात भरती झाला, कारण थोरल्या भावाचा जुना युनिफॉर्म त्याला बरोबर बसला. पहिली दहा वर्षं लढाईच नव्हती. नुसत्या कवायती. एका कवायतीत बादशहासमोर त्याचा घोडा शिंकला, तेवढीच नोंद घेण्यासारखी घटना. मग हंगेरीवर स्वारी निघाली. त्याची रेजिमेंट दोन महिने दौडत गेली आणि पोचली तर शत्रू आदल्याच दिवशी शरण आलेला. पोचल्याबद्दल सगळ्यांना पदक मिळालं. पुढे डॅन्यूब नदीच्या काठी युद्ध पेटलं, तेव्हा गोळी शिवली नाही पण कलिंगड बाधलं, आणि अख्खा उन्हाळा तो तंबूत आडवा होता.

शेवटी क्रिमिया. हे सांगताना उल्हास आवाज खाली आणायचा. पहाटेचं धुकं. झाबेल्स्की आपल्या चौक्या बघायला निघाला होता. शेकोटीभोवती चारपाच स्वार दिसले. आपलेच समजून तो जवळ गेला आणि पाइप पेटवायला विस्तव मागितला, तोही साहेबी थाटात फ्रेंचमध्ये. ते निघाले इंग्रज. त्यांनी आधी पाइप पेटवून दिला आणि मग तलवार मागून घेतली. ती देण्यासाठी घोड्यावरून उतरताना त्याचा पाय दवावर घसरला आणि मनगट मोडलं. टाउन हॉलमध्ये त्याचा एक फोटो आहे. त्यातलं मनगट उल्हासने मला भिंग धरून दाखवलं. हात टेकून पडलेल्या माणसाचं, वेडंवाकडं जुळलेलं मनगट, अशी हजार मनगटं त्याने दुरुस्त केली होती. तलवारीचा त्यात काही संबंध नव्हता.

सुटून गेल्यावर झाबेल्स्कीला लष्करासाठी घोडे खरेदी करण्याच्या खात्यात बसवलं. तिथे तो फक्त मेला नाही म्हणून बढत्या मिळवत मेजर जनरल झाला, आणि पायाच्या संधिवाताने म्हातारपणी गेला.

हे चरित्र उल्हासने मंडळाच्या गणपतीत सांगितलं, कोजागिरीला सांगितलं, माझ्या नातवाच्या वाढदिवसाला सांगितलं. गावच्या पबचं नाव 'द कॉसॅक' होतं. तिथे गेलं की तो मालकाला समजावायचा की झाबेल्स्की कॉसॅक नव्हता, हुसार होता, आणि या दोघांत शिलेदार आणि बारगीर यांच्याइतका फरक आहे. मालक ग्लास पुसत मान हलवायचा. त्याला चारांपैकी एकही माहीत नव्हता.

उल्हासची मुलगी ऋजुता इथेच जन्मली, वाढली आणि वकील झाली. मराठी भरभर बोलते, फक्त लिंगाचा घोळ होतो. एकदा तिने लंडनमधल्या पिनरच्या मावशीला फोनवर सांगितलं, "बाबांची रशियन आता दिवसभर घरीच असते. आईला पण सवय झाली." मावशींनी तासाभरात वहिनींना फोन लावला आणि दबक्या आवाजात विचारलं की हे कधीपासून चाललंय. वहिनींनी मोठा सुस्कारा सोडला आणि म्हणाल्या, काय करणार, मिश्या आहेत पण स्वभावाने चांगली आहे.

२००५ च्या जूनमध्ये, झाबेल्स्की गावात आला त्याला दीडशे वर्षं होणार म्हणून, सोसायटीने मोठा उत्सव ठरवला. मिरवणूक, बँड, केक, आणि हिरवळीवर झाबेल्स्कीचं आगमन. सोसायटीच्या अध्यक्ष होत्या जून हॅलोवेल. उंच, सत्तरीच्या, सगळ्यांचे वाढदिवस लक्षात ठेवणाऱ्या बाई. हॅरिएट ही त्यांची खापरपणजी. लहानपणापासून त्या ही प्रेमकथा ऐकत आलेल्या होत्या.

मीटिंगमध्ये उल्हासने खरी हकीकत मांडली. धुकं, पाइप, विस्तव, मनगट, सगळं. मग जूनबाई म्हणाल्या की डॉक्टरांचे कष्ट फार मोलाचे आहेत, आणि आता केकच्या स्टॉलचं बघूया का.

उल्हास चिडून घरी आला. इंग्रजांना सत्याशी काही देणंघेणं नाही, असं त्याचं मत पडलं. दोन दिवसांनी जूनबाईंचाच फोन आला. झाबेल्स्कीचं काम त्यानेच करावं, अशी कमिटीची इच्छा होती. एवढं ज्ञान दुसऱ्या कोणाकडे नाही आणि मिश्याही नाहीत. उल्हासने दोन हरकती घेतल्या. पहिली, झाबेल्स्की गावात घोड्यावरून आलाच नव्हता. तो ट्रेनने आला आणि स्टेशनपासून कोळशाच्या गाडीवर, टोपीचा डबा मांडीवर घेऊन. दुसरी, खरी हकीकत त्याला लोकांपुढे बोलू द्यावी. पहिल्या हरकतीवर कमिटीने मतदान घेतलं आणि घोडा जिंकला. दुसरी जूनबाईंनी मान्य केली. फोन ठेवताना त्यांचा आवाज जरा बारीक झाला होता, असं वहिनी म्हणाल्या. त्यांनी दुसऱ्या फोनवरून सगळं ऐकलं होतं.

मग घोड्यावर बसायची शिकवणी सुरू झाली. रायडिंग स्कूलने उल्हासला त्यांच्यातला सर्वांत शांत घोडा दिला. त्याचं नाव बिस्किट. तो इतका शांत होता की चालू आहे की थांबलाय हे वरच्या माणसाला खाली बघून ठरवावं लागायचं. वहिनी कुंपणाशी खुर्ची टाकून बसायच्या आणि विणता विणता सूचना करायच्या. "अहो, पाठ ताठ करा. सासरी निघाल्यासारखे काय बसलाय?" उल्हास म्हणायचा की हुसार असाच बसतो. त्यावर त्या म्हणायच्या, मग पकडला गेला यात नवल नाही.

याच सुमारास त्याने एका रशियन वेबसाइटवर झाबेल्स्कीच्या वंशजांचा शोध घेणारं निवेदन टाकलं. महिनाभर काही नाही. मग चक्क ग्लासगोहून ईमेल आली. तिथल्या एका इंजिनिअरने लिहिलं होतं की त्याची आई, लिडिया अर्काद्येव्ना, ही कॅप्टनची सख्खी पणती. आता ती त्याच्याकडेच राहते. इंग्रजी येत नाही, पण यायला तयार आहे. उल्हास खुशीत आला. घरचाच साक्षीदार मिळाला, आता बघतो गाव काय म्हणतं ते.

उत्सवाच्या सकाळी लिडियाबाईंना आणायला मी लेस्टर स्टेशनवर गेलो, कारण उल्हासला युनिफॉर्ममध्ये ड्रायव्हिंग सीटवर बसता येत नव्हतं. बाई बुटक्या, गोल, डोक्याला फुलांचा रुमाल बांधलेल्या. मला रशियन येत नव्हती, त्यांना दुसरं काही येत नव्हतं. वाटभर आम्ही एकमेकांकडे बघून हसत होतो. मध्येच त्यांनी पर्समधून लिमलेटची गोळी काढून माझ्या हातावर ठेवली आणि मी ती खाल्ली की नाही हे नीट पाहिलं.

मिरवणूक निघाली. बँड पुढे, शाळेतली मुलं मागे, आणि त्यांच्या मागे निळ्या डगल्यात, सोनेरी गोंड्यांत, बिस्किटवर स्वार झालेला उल्हास. दिसत होता छान, हे मान्य करायला हवं. पण बेकरीपाशी बिस्किटने कागदी पताकांची माळ पाहिली आणि ती खायला सुरुवात केली. उल्हासने टाच मारली, लगाम ओढला, शेवटी मराठीत विनवण्या केल्या. बँड हिरवळीवर पोचून दोनदा वाजवून झाला तरी रशियाचं घोडदळ बेकरीपाशीच होतं. अखेर बेकरीवालीने बाहेर येऊन बिस्किटला बनपाव दाखवला आणि त्याच्या मागोमाग कॅप्टन झाबेल्स्की मार्लकोटमध्ये दाखल झाले.

स्टेजवर चढून उल्हासने भाषण केलं. मला धाकधूक होती, पण तो चांगला बोलला. कवायतीतली शिंक, हंगेरीचं पदक, कलिंगड, धुकं. लोक हसले, पण प्रेमाने हसले. विस्तव मागायची गोष्ट आली तेव्हा तर टाळ्या पडल्या. पहिल्या रांगेत जूनबाई मांडीवर हात ठेवून ताठ बसल्या होत्या. त्याही हसत होत्या, हसायचं ठरवून आलेल्या माणसासारख्या.

मग लिडियाबाईंना स्टेजवर बोलावलं. त्या बोलत होत्या आणि उल्हास वाक्यावाक्याला इंग्रजीत सांगत होता. त्या म्हणाल्या की पणजोबा कुठे लढले हे आमच्या घरात कोणालाच ठाऊक नाही. त्यांनी ते कधी सांगितलंच नाही. ते सांगायचे फक्त मार्लकोटबद्दल. इथला पाऊस, इथले पाद्रीबाबा, कपड्यात बांधून उकडलेलं पुडिंग. इथे आपण कोणाच्या पायावर पाय दिला तर तोच आपली माफी मागतो, ही गोष्ट. जेवायला कोणीही आलं की पणजोबा मार्लकोट सुरू करायचे, ते चहाचा समोवार थंड होईपर्यंत. तीस वर्षं घराने ते ऐकलं. अजूनही आमच्याकडे कोणी लांबण लावली की मुलं डोळे फिरवतात आणि म्हणतात, झालं, मार्लकोट आलं.

हिरवळीवर हशा उसळला. वहिनींनी माझा दंड धरला होता आणि त्यांना इतकं हसू येत होतं की आवाजच फुटत नव्हता. उल्हासने मात्र हे सगळं अगदी गंभीरपणे भाषांतरित केलं. त्यात आपल्यासारखं काही आहे, हे त्याच्या ध्यानातही आलं नव्हतं.

तेवढ्यात जूनबाई उभ्या राहिल्या. लोक शांत झाले. त्यांनी विचारलं, "त्यांनी कधी हॅरिएटचं नाव घेतलं होतं का?"

उल्हासने रशियनमध्ये विचारलं. लिडियाबाईंचा चेहरा एकदम उजळला. त्या भराभर बोलायला लागल्या. मध्येच दोन्ही हात फाकवून काहीतरी केवढं होतं ते दाखवलं, मग स्टेजवर धाडकन पाय आपटला, आणि स्वतःच खळखळून हसल्या. आम्ही सगळे उल्हासकडे बघत होतो. त्याचे कान लाल झाले. चाळीस वर्षांत मी त्याचे कान फक्त एकदाच तसे पाहिले होते, परीक्षकासमोर.

मग तो जूनबाईंकडे वळला आणि सावकाश म्हणाला, "त्या म्हणतात, तो तिला शेवटपर्यंत विसरला नाही. म्हातारपणी पाय दुखायला लागला की तिचंच नाव घ्यायचा."

हिरवळीवर कुठेतरी कोणीतरी हळूच 'ओह' म्हणालं. जूनबाई खाली बसल्या. त्यांनी रुमाल काढला, आणि मग, इतक्या वर्षांच्या शिस्तीनंतर, चारचौघांत नाक शिंकरलं.

परतताना गाडी मी चालवत होतो. लिडियाबाई पुढे, देवस्थळी मागे. वहिनींनी बेकरी मागे पडेपर्यंतही धीर धरला नाही.

"खरं काय म्हणाल्या हो त्या?"

उल्हासने बटणं सोडवता सोडवता सांगितलं. हॅरिएट चांगली धिप्पाड होती. नाताळच्या नाचात ती त्याच्या पायावर अशी काही उतरली की अंगठ्याचं हाड मोडलं. गावात नीट बसवणारं कोणी नव्हतं. पुढे संधिवात नेमका त्याच अंगठ्यात शिरला. मग थंडी पडली की मेजर जनरल पाय पाटावर ठेवून दात-ओठ खात म्हणायचे, हॅरिएट, हॅरिएट. आणि बायको आतून विचारायची की गरम पाणी आणू का.

वहिनींनी त्याचं एक अडकलेलं बटण सोडवलं. मग म्हणाल्या, "म्हणजे तुम्ही खोटं नाही बोललात."

"एक शब्दही नाही."

"इंग्रजांना सत्याशी काही देणंघेणं नाही म्हणत होता ना?"

उल्हासने खिडकीबाहेर बघितलं. मला आरशात त्याच्या मिश्यांचं एकच टोक दिसत होतं, आणि ते वर गेलेलं होतं.

घरी वहिनींनी मसालेभात, कोशिंबीर आणि अळूवड्या केल्या होत्या. लिडियाबाईंनी अळूवडीची गुंडाळी उलगडून आतपर्यंत तपासली आणि मग सहा खाल्ल्या. जेवण झाल्यावर आम्ही मागच्या बागेत बसलो. जूनची संध्याकाळ, उजेड हलायला तयार नव्हता. उल्हासने तिसरा खंड आणला आणि रेजिमेंटबद्दल प्रश्न सुरू केले. लिडियाबाईंना त्यातलं काही माहीत नव्हतं, आणि त्यांना त्याचं फारसं वाईटही वाटत नव्हतं. त्यांनी पुस्तक त्याच्या हातातून अलगद काढून खुर्चीखाली ठेवलं आणि काहीतरी विचारलं. उल्हास गोंधळला. तो आमच्याकडे वळून मराठीत म्हणाला की बाई विचारतायत, तुम्ही इथे कसे आलात?

हा प्रश्न त्याला कोणी विचारला नसेल असं नाही. पण तो नेहमी एका वाक्यात आटपायचा: परीक्षेला आलो, राहून गेलो. त्या दिवशी रशियनमध्ये ते एक वाक्य त्याला जुळवता येईना. 'राहून गेलो'ला शब्द सापडेना. म्हणून त्याने पहिल्यापासून सुरुवात केली. अडखळत, मध्येच हाताने दाखवत. मला फक्त नावं कळत होती. पुणे, मुंबई, सुएझ, टिलबरी. मग लेस्टर. लिडियाबाई हनुवटीखाली हात घेऊन ऐकत होत्या. त्यांनी डोळे फिरवले नाहीत, की मान वळवली नाही.

एका ठिकाणी तो थांबला आणि डोकं खाजवू लागला. "सुचेता, तू आलीस त्या दिवशी मी स्टेशनवर कोणाचा कोट घालून आलो होतो?"

वहिनी आत कप ठेवायला निघाल्या होत्या, त्या दारातूनच मागे फिरल्या. "कोट? कोट नव्हताच. घरमालकिणीचा गाऊन होता, लोकरीचा, गुडघ्यापर्यंत. मी तुम्हाला ओळखलंच नाही. सरळ पुढे चालत गेले."

उल्हासने ते भाषांतरित केलं. लिडियाबाई हसल्या आणि त्यांनी शेजारची खुर्ची थोपटली. वहिनींनी कपांचा ट्रे गवतावरच ठेवला आणि बसल्या. म्हणाल्या, तुम्ही गाऊनचा रंग सांगितलात का? तो सांगा आधी. आणि गाऊनच्या आधीचं, बोटीतलंही सगळं राहिलंय.

मी निघायला म्हणून गाडीची किल्ली हातात घेतली होती. ती परत खिशात टाकली आणि गवतावरच्या ट्रेमधला एक कप स्वतःसाठी उचलला.